मोडीत निघालेली हत्यारे आणि शिल्पकार

शीव या शब्दाचा अर्थच मुळी हद्द असा आहे. गावाची शीव ओलांडली की दुसऱ्याचा मुलूख लागला, ही समजूत त्या दोन अक्षरांतच भरलेली आहे. आज या नावाचे आगगाडीचे स्टेशन आहे, इस्पितळ आहे, वाहनांनी तुंबलेला हमरस्ता आहे. हद्द मात्र कोठे शोधूनही सापडत नाही. सतराव्या शतकात ती अगदी डोळ्यांना दिसत असे. १६६९ ते १६७७ या काळात, जेराल्ड आँजिअर मुंबईचा गव्हर्नर असताना, इंग्रजांनी येथल्या टेकडीवर एक लहानसा किल्ला उभारला. टेकडीच्या अलीकडे इंग्रजांचे परळ बेट, पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. पुढे १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली वसई पडली, आणि किल्ल्याला नवा शेजारी मिळाला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी काबीज केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. १७९८ ते १८०५ या सात वर्षांत गव्हर्नर डंकनने शीव व कुर्ला यांना जोडणारा बांध बांधून काढला आणि हद्दीवरूनच रस्ता गेला. आता किल्ल्याने कोणावर नजर ठेवायची, हा प्रश्नच उरला नाही.

मध्यंतरी एका सकाळी आम्ही काही मुलांना घेऊन या टेकडीवर गेलो होतो. वर पोहोचल्यावर एका मुलाने विचारले, "इथल्या सगळ्या तोफा गेल्या कुठे?" आम्ही सहज म्हणून गेलो, "मोडीत गेल्या." मुलाचे समाधान झाले, आमचे झाले नाही. निकामी झालेल्या हत्याराचे माणसे पुढे काय करतात, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. या वर्षीच्या व्याख्यानासाठी आम्ही तोच घेतला, आणि तेथे वेळेअभावी जे राहून गेले तेही येथे मांडीत आहोत.

मोड हा शब्द आपल्या घरांत चांगला परिचयाचा आहे. जुनी तपेली, चेपलेला तांब्या बोहारणीला किंवा तांबटाला द्यायचा आणि वर थोडे पैसे घालून नवे भांडे घ्यायचे. राज्येही तेच करीत आली. ओतीव पितळेची किंवा पंचधातूची तोफ निकामी झाली की ती वितळवून नवी ओतायची. धातू मोलाचा, आणि पुन्हा ओतायला सोयीचा. लोखंडी तोफेला तसे मोल नसे. ती जड, गंजकी, हलवण्याचाच खर्च जास्त. म्हणून आपल्या किल्ल्यांवर ज्या तोफा लोळत पडलेल्या दिसतात, त्यांत लोखंडी फार आणि पंचधातूच्या थोड्या. जगभरच्या जुन्या बंदरांत अशा लोखंडी तोफा उभ्या पुरून त्यांना गलबतांचे दोर बांधीत असत. त्यातल्या त्यात सभ्य शेवट म्हणायचा.

कधी कधी मोडीचा बाजार फसतोही. विजापूरची मलिक-ए-मैदान ही सुमारे पंचावन्न टन वजनाची तोफ १५४९ साली आपल्या अहमदनगरास ओतली गेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेले श्वापद आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. १८५४ साली निरुपयोगी सरकारी सामान म्हणून तिचा लिलाव झाला तेव्हा बोली आली दीडशे रुपये! सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. पण आम्हांला या तोफेची आठवण वेगळ्या कारणासाठी करावयाची आहे. तो जबडा ज्याने घडवला तो खराखुरा शिल्पकार होता, यात शंका नाही. शिल्पकला हत्याराच्या सेवेला उभी राहिली की काय करते, हे त्या चेंगरलेल्या हत्तीत दिसते: ती शत्रूला भिववते आणि धन्याची छाती फुगवते.

तोफा जिंकून आणल्या तर त्यांचे स्मारक करावे, हीही जुनी रीत. नेपोलियनने ऑस्टर्लिट्झच्या लढाईत १८०५ साली हस्तगत केलेल्या तोफांचे कासे वितळवून पॅरिसमध्ये वांदोमचा स्तंभ उभा केला. १८१० साली तो पुरा झाला. १८७१ साली पॅरिसच्या कम्यूनने, हा पाशवी बळाचा पुतळा आहे असे ठरवून, तो दोर लावून पाडला, आणि कम्यून मोडल्यावर तो पुन्हा बांधला गेला. धातू तोच, आणि भांडणही तेच. याच्या उलटही घडते. दोन्ही महायुद्धांत जर्मनीने चर्चच्या हजारो घंटा उतरवून दारूगोळ्यासाठी वितळवल्या. आपल्याकडे चिमाजी अप्पाच्या फौजेने वसईहून आणलेल्या घंटा मात्र वितळल्या नाहीत. देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला जाणाऱ्यांनी त्यांतली एक पाहिली असेल. तिच्यावरची मूळची परक्या धर्माची खूण व साल कोणी घासून काढलेले नाही. ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता खाडीपलीकडच्या त्या पोर्तुगीज सत्तेकडे पुन्हा वळू. साष्टी आणि वसई यांचा सर्वोच्च कारभार गोव्याहून चाले, हे आपणांस ठाऊक आहे. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक हा मुलूखही १७५२ पर्यंत गोव्याच्याच हाताखाली होता, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे शीवेच्या टेकडीवरून जी सत्ता समोर दिसे, तिच्याच दप्तरात मोझांबिकचेही कागद असत. गोवा १९६१ साली मुक्त झाला. मोझांबिकला १९६४ पासून दहा वर्षे बंदुकीने लढावे लागले व १९७५ साली स्वातंत्र्य मिळाले. आणि दोन वर्षे होतात न होतात तोच तेथे यादवी सुरू झाली. ती १९९२ च्या तहापर्यंत चालली. दहा लाखांच्या घरात माणसे गेली असा अंदाज सांगतात.

तह झाला तरी बंदुका कोठे जातात? त्या शेतात पुरलेल्या, छपरात खोचलेल्या, माळ्यावर दडवलेल्या अशा देशभर पडून होत्या. दुष्काळ पडला, भांडण झाले, की त्या वर येणार हे उघड होते. त्या देशातील ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने, बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, १९९५ साली एक योजना काढली. बंदूक आणून द्या. नाव विचारणार नाही, कोठून आली ते विचारणार नाही. बदल्यात कुदळ घ्या, नांगर घ्या, शिवणयंत्र घ्या, सायकल घ्या. एका गावाने मिळून पुष्कळ हत्यारे जमा केली तेव्हा त्या गावाला ट्रॅक्टर मिळाला. आपल्या बोहारणीचा हा व्यवहार एका देशाने केला असे म्हणायला हरकत नाही. मराठीत तर तो आणखी नीट सांगता येतो, कारण आपण बंदुकीलाही हत्यार म्हणतो आणि सुताराच्या रंध्या-पटाशीलाही हत्यारेच म्हणतो. खंडेनवमीला तलवारीशेजारी आपण अवजारे मांडतो. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा दसऱ्याला मागांना झेंडूच्या माळा चढत. मोझांबिकमध्ये एक हत्यार देऊन दुसरे हत्यार घेतले गेले, इतकेच.

जमा झालेल्या बंदुका प्रथम निकामी केल्या जात, पुष्कळशा स्फोटाने उडवल्या जात, आणि उरलेल्यांचे तुकडे करून मापुतो या राजधानीतील कलावंतांच्या एका संस्थेतील मंडळींना दिले जात. येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बंदूक पोलादाची व लाकडाची असते. नळी, चाप, काडतुसांची वाकडी पेटी, लाकडी दस्ता, हे तिचे अवयव. ती भट्टीत घातली तर लाकूड जळून जाईल, पोलाद वितळून त्याची लादी होईल, आणि त्या लादीकडे पाहून ती पूर्वी बंदूक होती की खाटेचा पाय होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मापुतोच्या कलावंतांनी भट्टी पेटवली नाही. त्यांनी नळ्या कापल्या आणि तुकडे वेल्डिंगने एकमेकांना जोडले. बंदूक पुन्हा उडणार नाही इतकी मोडायची, पण ओळखू येणार नाही इतकी मोडायची नाही. या एका निर्णयात त्या कलेचे सगळे मर्म आहे असे आमचे मत आहे.

यांतले सर्वांत नावाजलेले काम म्हणजे क्रिश्तोव्हाओ कान्यावातो ऊर्फ केस्टर याने २००१ साली केलेली खुर्ची. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि शस्त्रांचे सिंहासन या नावाने ओळखली जाते. साध्या हातांच्या खुर्चीएवढीच ती आहे. तिचे हात रशियन एके-४७ बंदुकांचे आहेत. बैठक पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या बंदुकांची आहे. पुढचा एक पाय उत्तर कोरियाच्या बंदुकीची नळी आहे. पाठीला, अगदी वर, पोर्तुगीज बनावटीच्या जी-थ्री बंदुकांचे दोन दस्ते उभे आहेत. त्या दस्त्यांवर स्क्रूची भोके आणि पट्टा अडकवायची खाच अशी पडली आहेत की दोन डोळे आणि हसणारे तोंड दिसते. शिल्पकाराने ते कोरलेले नाही. दस्ता कारखान्यातून तसाच आला होता, याने फक्त पाहिले. केस्टर स्वतः लढाईत नव्हता, पण त्याच्या दोन नातलगांनी या यादवीत पाय गमावले होते.

वर सांगितलेली देशांची यादी आम्ही उगाच दिली नाही. त्या खुर्चीत मोझांबिकमध्ये बनलेली एकही बंदूक नाही. मारणारे व मरणारे तेथले, हत्यारे सगळी बाहेरची. हे कोणी व्याख्यान देऊन सांगितले असते तर आपण मान डोलावून घरी गेलो असतो. खुर्ची ते न बोलता सांगते, आणि ती हे सांगू शकते याचे कारण त्या तुकड्यांवर घडणावळीची ओळख शिल्लक आहे. भट्टीने ती पुसली असती, आणि ज्या कारखान्यांनी त्या बंदुका विकल्या त्यांची नावेही तिच्याबरोबर गेली असती. वसईची घंटा जशी आपली मूळ खूण बाळगून आहे, तशीच ही खुर्ची. ती ब्रिटनमधील शाळांत, बाजारांत, चर्चमध्ये, एका तुरुंगातही नेऊन दाखवली गेली. पुढे केस्टर आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी मिळून सुमारे अर्ध्या टनाचा एक वृक्षही केला. तो २००५ साली लंडनला पोहोचला.

वितळवण्याचा मार्ग सर्वस्वी वाया जातो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मेक्सिकोच्या पेद्रो रेयेस या कलावंताने कुलियाकान शहरात २००८ च्या सुमारास नागरिकांकडून १५२७ बंदुका जमा करवल्या, त्या वितळवल्या, आणि तितकीच फावडी करून त्यांनी तितकीच झाडे लावण्याचा संकल्प केला. काम मोठ्या मनाचे आहे. पण फावड्याला बंदूक आठवत नाही. म्हणून प्रत्येक दांड्यावर त्याची हकीकत छापावी लागली. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बागेत तलवार ठोकून नांगराचा फाळ करणाऱ्या माणसाचा जो भव्य पुतळा आहे, त्याच्याविषयी तर आमचे मन फारसे उत्साही नाही. व्हुचेटिच या शिल्पकाराचे ते काम सोव्हिएत रशियाने १९५९ साली भेट दिले. पुतळा देखणा आहे. पण तो नव्या काशाचा आहे. त्यासाठी कोणाची एक तलवारही मोडली गेली नाही, आणि देणाऱ्याच्या घरी त्याच वर्षी अणुबॉम्बचा साठा वाढतच होता.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या मुंबईत काय आहे, असे व्याख्यानानंतर एका वयस्क श्रोत्यांनी विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता.

मुंबईकरांना विक्रांत सांगायला नको. ब्रिटनमध्ये १९४५ साली पाण्यात उतरलेले हे अर्धवट जहाज भारताने १९५७ साली घेतले, पुरे करवले. १९६१ च्या मार्चमध्ये ते नौदलात दाखल झाले आणि त्याच नोव्हेंबरात मुंबईत आले. १९७१ च्या युद्धात त्याच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथे हल्ले केले. १९९७ च्या ३१ जानेवारीला ते निवृत्त झाले. मग कित्येक वर्षे ते तरंगते संग्रहालय म्हणून मुंबईच्या बंदरात उभे होते. शाळेच्या सहलीबरोबर त्यावर चढलेली पिढी आज मोठी झाली आहे. २०१४ साली साठ कोटी रुपयांना त्याचा लिलाव झाला. ते वाचावे म्हणून नागरिक न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, पण उपयोग झाला नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून ते रे रोडजवळच्या दारूखान्यात तोडले जाऊ लागले. दारूखाना म्हणजे बंदुकीच्या दारूचे कोठार. नाव जुने, धंदा नवा. पण युद्धनौका मोडायला याहून चपखल पत्ता मिळाला नसता.

त्या पोलादाच्या दोन वाटा झाल्या. काही भाग वितळून एका मोटारसायकलीत गेला. २०१६ साली ती गाडी बाजारात आली, आणि यात विक्रांतचे पोलाद आहे हे जाहिरातीने सांगावे लागले. फावड्याच्या दांड्यासारखेच हे. दुसऱ्या वाटेने काही भाग मुंबईचे शिल्पकार अर्झान खंबाटा यांच्याकडे गेला. ते शिक्षणाने वास्तुविशारद, भंगारातून शिल्पे करण्यात मुरलेले. त्यांनी केलेले विक्रांतचे स्मारक नौदल गोदीच्या लायन गेटासमोर २५ जानेवारी २०१६ रोजी खुले झाले.

हे शिल्प युद्धविरोधी नाही, आणि तसा आव ते आणीतही नाही. ज्या खलाशांनी त्या जहाजावर उमेदीची वर्षे घालवली त्यांची त्यावर माया आहे, आणि ती माया खोटी ठरवण्याचा आम्हांला अधिकार नाही. नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तेथेही आम्ही असेच हात जोडून उभे राहिलो आहोत. फरक इतकाच की लायन गेटासमोरचे पोलाद सेवेची आठवण ठेवते, आणि मापुतोचे पोलाद जखमेची. धातू दोन्हीकडे खरा आहे. सांगणारा कोण, यावर सगळे ठरते: हत्यार हाती धरणारा की ते अंगावर झेललेला.

मग मुंबईने अंगावर झेललेले काही नाही काय? आहे. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गासड्या भरल्या होत्या. कापसाने पेट घेतला. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. त्यांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जण आगीशी झुंजताना गेले. सोन्याच्या विटा उडून घरांवर पडल्या ही कथा आपल्याकडे अजून चवीने सांगतात, आणि ती खरी आहे. पण सोन्याच्या कथेने माणसांची कथा झाकली हेही खरे. शत्रूचे एकही विमान त्या दिवशी मुंबईवर आले नव्हते. दारूगोळा आपल्याच बाजूचा, लढाई हजारो कोसांवर.

त्या जहाजाच्या पंख्याचा एक तुकडा उडून धोबीतलावाजवळच्या सेंट झेवियर हायस्कूलच्या आवारात पडला, आणि शाळेने तो जपला. कोणी त्याला कापले नाही, जोडले नाही, चौथऱ्यासाठी घडवले नाही. तरीही मुंबईतले युद्धविरोधी शिल्प दाखवा असे आम्हांला कोणी म्हटले तर आम्ही आधी त्या वाकड्या लोखंडाकडे बोट दाखवू. शिल्पकार नसताना शिल्प कसे, अशी शंका येईल. केस्टरने तरी त्या दस्त्यावरचे डोळे कोठे कोरले होते?

एक आक्षेप आम्हांला स्वतःलाच छळतो, तो लपवीत नाही. बंदुकीची खुर्ची सुंदर दिसू लागली की बंदूकच सुंदर वाटू लागते. मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर आजही कुदळ आणि पुस्तक यांच्यासोबत एके-४७ आहे; तेथल्या मुलाने खुर्चीकडे पाहावे की झेंड्याकडे? याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. हत्यार सुंदर होताच त्याची गोष्ट विसरली जाते, हे तर घरोघर दिसते. शिवेतच आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. त्यांच्या दिवाणखान्यात वीतभर उंचीची एक पितळी फुलदाणी आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते, त्यांनी येताना आणली, एवढेच घरात माहीत. रोज चिंच लावून घासतात, त्यात गुलछडी ठेवतात. व्याख्यानाला त्या घरच्या सूनबाई आल्या होत्या. तोफगोळ्याच्या पितळी टोपणापासून सैनिक अशी भांडी करीत आणि टोपणाच्या बुडाशी कारखान्याचा छाप व साल असते, असे आम्ही बोलण्याच्या ओघात सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला घरी बोलावले. फुले काढून फुलदाणी मोरीत पालथी केली, बूड पदराने पुसले. अक्षरे पुष्कळ झिजली होती, तरी साल लागले: १९१५. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे कुणावर तरी उडालेलं आहे तर." मग त्यांनी त्यात पुन्हा पाणी भरले, पण फुले मात्र त्या दिवशी दुसऱ्या भांड्यात ठेवली.